टाकी उतरली, बॅटरी चढली!

गोगलगायीचं घर तिच्या पाठीवर असतं, हे तुम्हांला ठाऊकच आहे. अमेरिकेत माणसांनीही तशी घरं करून घेतली आहेत. फक्त ती पाठीवर नसतात, चाकांवर असतात. बसएवढ्या मोठ्या गाडीत, नाहीतर गाडीच्या मागे जोडलेल्या लांबलचक डब्यात पलंग, स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज, न्हाणीघर, संडास असं सगळं बसवलेलं असतं. या घराला तिकडे ‘आरव्ही’ म्हणतात. रिक्रिएशनल व्हेइकल या शब्दांची ती आद्याक्षरं. म्हणजे मौजेसाठी केलेली गाडी. सुट्टी लागली की आईबाबा, मुलं आणि त्यांचा कुत्रा या घरात बसून भटकायला निघतात. नोकरीतून निवृत्त झालेले कितीतरी आजीआजोबा तर बाराही महिने त्यातच राहतात. इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट हे गाव या घरांच्या कारखान्यांसाठीच प्रसिद्ध आहे.

आता मला सांगा, दूर रानात, विजेच्या खांबापासून कितीतरी मैलांवर थांबलेल्या या घरात चहा कशावर उकळणार? आंघोळीचं पाणी कशावर तापणार? फ्रिज कशावर चालणार? आणि बाहेर बर्फ पडत असताना रात्री ऊब कुठून येणार?

या चारही प्रश्नांचं वर्षानुवर्षं एकच उत्तर होतं : गॅसची टाकी! डब्याच्या पुढच्या टोकाला एक-दोन टाक्या बांधलेल्या असतात. त्यांतून निघालेली नळी शेगडीला, पाण्याच्या बंबाला, खोली तापवणाऱ्या भट्टीला आणि हो, फ्रिजलासुद्धा जाते. अलीकडे मात्र बरेच जण या टाक्या काढून टाकून सगळं घर विजेवर करू लागले आहेत. वरवर पाहिलं तर यात काय मोठंसं? शेगडी काढायची, इंडक्शन ठेवायची, झालं! पण तसं होत नाही. टाकी काढायला निघालेल्या माणसाला आधी कागद-पेन्सिल घेऊन गणित करत बसावं लागतं. त्या गणिताचीच ही गोष्ट आहे.

टाकीतला गॅस कोणता?

आपल्या घरच्या टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचं मिश्रण असतं. आरव्हीच्या टाकीत मात्र प्रोपेन असतो. कारण सरळ आहे. ब्युटेन साधारण शून्य अंशाच्या जवळपास उकळतो, म्हणजे त्याची वाफ होते. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत तो टाकीत तसाच द्रवरूप बसून राहतो. शेगडीपर्यंत येतच नाही! प्रोपेनचं तसं नाही. तो शून्याखाली ४२ अंशांवरही उकळतो. बर्फाळ प्रदेशात म्हणूनच त्याला मान.

प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. गळती झाली तर कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड आहे. गळला तर तो वर उडून जात नाही, पाण्यासारखा खाली साचतो. म्हणून आरव्हीमध्ये गॅस ओळखणारं भोंग्याचं यंत्र छताला नाही, तर जमिनीलगत लावलेलं असतं. आपल्याकडचा गॅसही हवेपेक्षा जडच, तेव्हा वास आला की दिव्याच्या बटणाला हात न लावता आधी दारं-खिडक्या उघडायच्या, हे तुमच्या आईनं सांगितलेलं अगदी खरं आहे.

लहानशा बंद डब्यात ज्योत पेटवली की अजून दोन गोष्टी होतात. हवा पुरेशी नसेल तर कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. दुसरी गोष्ट ऐकून तुम्हांला नवल वाटेल. गॅस जळताना पाणी तयार होतं! एक किलो प्रोपेन जळला की जवळजवळ १ किलो ६०० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपानं बाहेर पडतं. प्रोपेनमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला मिळतो, त्याचं हे पाणी. थंडीच्या दिवसांत शेगडी फार वेळ पेटती ठेवली की खिडक्यांच्या काचांवरून ओघळ येतात आणि कपाटातले कपडे दमट होतात, ते यामुळेच.

आणि बोगद्यांचं काय? बाल्टिमोर शहरात बंदराच्या पाण्याखालून जाणारे दोन मोठे बोगदे आहेत. एका टाकीत १० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे साडेचार किलोंपेक्षा जास्त प्रोपेन असेल तर त्या गाडीला बोगद्यात जायला मनाई आहे. आरव्हीची नेहमीची टाकी २० पौंडांची. मग या गाड्या शहराच्या पूर्वेकडच्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात. २६ मार्च २०२४ रोजी ‘डाली’ नावाचं अजस्र मालवाहू जहाज त्या पुलाच्या खांबावर आदळलं आणि पूल नदीत कोसळला. पुलावर रात्री काम करणारे सहा मजूर त्यात दगावले. (त्या जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते.) त्यानंतर गॅसवाल्या आरव्हींना शहराला पश्चिमेकडून लांबचा वळसा घालणं भाग पडलं. टाकी नसलेली आरव्ही मात्र सरळ बोगद्यातून जाऊ शकते.

विस्तवावर बर्फ!

मघाशी मी म्हटलं की आरव्हीचा फ्रिजसुद्धा गॅसवर चालतो. माझ्या मते साऱ्या गोष्टीतला हाच सगळ्यांत मजेदार भाग आहे. खाली ज्योत पेटलेली आणि वर कप्प्यात बर्फ जमलेला!

स्वीडनमध्ये स्टॉकहोम इथं बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स नावाचे दोन विद्यार्थी होते. विद्यार्थी बरं का, प्राध्यापक नव्हेत. त्यांनी १९२२ साली ही युक्ती शोधली. माठातलं पाणी गार का होतं, ते तुम्ही शिकला आहात. पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती जाताना उष्णता घेऊन जाते. या फ्रिजमध्ये पाण्याऐवजी अमोनिया असतो. ज्योतीनं तापवून अमोनियाला पाण्यापासून वेगळं करायचं, वर थंड करून त्याचा द्रव करायचा, मग त्याची पुन्हा वाफ होऊ द्यायची. वाफ होताना तो कप्प्यातली उष्णता ओढून घेतो आणि परत पाण्यात विरघळतो. मदतीला हायड्रोजन असतो. ना पंप, ना मोटर, ना आवाज. सारं काही आपोआप वरून खाली वाहत राहतं.

पण वाहण्यासाठी फ्रिज सरळ उभा हवा. गाडी तिरकी थांबली तर आतला प्रवाह अडतो आणि फ्रिज बिघडतो. म्हणून जुने आरव्हीवाले मुक्कामाला पोचले की आधी गवंड्यासारखी पाणसळ लावून बघतात आणि चाकाखाली फळ्या सरकवतात. शिवाय हा फ्रिज खादाड आहे. फक्त त्याच्यासाठी २० पौंडांची एक टाकी साधारण दोन आठवड्यांत संपते.

एक टाकी आणि शंभर बॅटऱ्या

आता गणित. घरी विजेचं बिल येतं, त्यावर ‘युनिट’ लिहिलेलं असतं. हजार वॉटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. टाकीतली ऊर्जासुद्धा याच मापानं मोजू.

२० पौंड म्हणजे ९ किलो प्रोपेन. तो पूर्ण जाळला तर सुमारे १२० युनिट उष्णता मिळते. आरव्हीत नेहमी वापरतात ती १२ व्होल्टची, १०० अ‍ॅम्पिअर-तासांची लिथियम बॅटरी. तिच्यात किती? सव्वा युनिट! म्हणजे एका टाकीची बरोबरी करायला जवळजवळ शंभर बॅटऱ्या हव्यात. एकीचं वजन साडेअकरा किलो धरलं तर झाले अकराशे किलोंहून जास्त. आणि भरलेली टाकी? लोखंडासकट सतरा किलोंच्या आसपास. बिचारी गाडी एवढ्या बॅटऱ्या घेऊन घाट चढेल का?

इथं पुष्कळ लोक पेन्सिल खाली ठेवतात. पण गणित अजून संपलेलं नाही. टाकीत १२० युनिट असतात हे खरं, पण त्यांतले आपल्या उपयोगी किती पडतात?

शेगडीवर पातेलं ठेवा. ज्योतीचा बराचसा शेक पातेल्याच्या कडेनं वर जातो आणि स्वयंपाकघर तापवतो. शंभर भागांतले चाळीसच भाग पातेल्यात पोचतात. इंडक्शनमध्ये ज्योत नसतेच. काचेखाली तारेचं वेटोळं असतं. त्यातल्या बदलत्या चुंबकत्वामुळे पातेल्याचा बूडच तापतो. शंभरातले ऐंशी-पंचाऐंशी भाग कामी येतात. (पातेलं मात्र चुंबक चिकटेल असं हवं. साधं अ‍ॅल्युमिनिअमचं चालत नाही. घरात एक चुंबक घेऊन प्रत्येक भांड्याच्या बुडाला लावून पाहा.) म्हणजे तोच चहा निम्म्या ऊर्जेत झाला.

फ्रिजमध्ये तर फरक याहूनही मोठा आहे. गॅसचा फ्रिज दिवसाला सुमारे साडेआठ युनिट ऊर्जा जाळतो. त्याच्या जागी १२ व्होल्टवर चालणारा, छोटा पंप असलेला फ्रिज बसवला की दिवसाला पाऊण ते एक युनिटात भागतं. साडेआठांवरून एकावर! टाकी काढणारा शहाणा माणूस म्हणूनच शेगडीच्याही आधी फ्रिज बदलतो, असं मला वाटतं.

जुन्या शिशाच्या बॅटऱ्यांवर हे जमलं नसतं. तेवढ्याच मापाची शिशाची बॅटरी अठ्ठावीस-तीस किलोंची असते आणि ती टिकायला हवी तर निम्मीच वापरायची. आता वापरतात त्या बॅटरीत लिथियम, लोह आणि फॉस्फेट असतं. हे मिश्रण बॅटरीला चालेल, असं सांगणारा गाजलेला शोधनिबंध १९९७ साली अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातून निघाला. त्यावर तीन नावं होती : अक्षय पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ. पहिली दोन नावं वाचून तुमच्या लक्षात आलं असेलच! गुडइनफ आजोबांना लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळालं, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. ही बॅटरी इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षा सहजासहजी पेट घेत नाही. झोपायच्या पलंगाखाली ठेवायची वस्तू, तेव्हा हा गुण मोठाच.

अंगठ्याएवढी तार

गॅस गेला म्हणजे धोका गेला, असं मात्र समजू नका. १८०० वॉटची इंडक्शन १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायची तर १८०० भागिले १२, म्हणजे १५० अ‍ॅम्पिअर वीज तारेतून वाहणार. आपल्या घरातला गिझरचा मोठा प्लग असतो ना, तो १६ अ‍ॅम्पिअरचा. मग दीडशेसाठी तार केवढी हवी? बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत अंगठ्याएवढी जाड तांब्याची तार टाकतात. तिथं बारीक तार लावली तर ती इस्त्रीसारखी तापेल आणि लाकडाच्या भिंतीला आग लागेल. बॅटरीच्या अगदी जवळ जाडजूड फ्यूज बसवायचा तो यासाठीच.

यावर काही जण ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या घेतात. व्होल्ट चौपट झाले की अ‍ॅम्पिअर एक चतुर्थांश होतात, म्हणजे दीडशेचे साडेसदतीस. आणि त्याच तारेत वाया जाणारी उष्णता? एक चतुर्थांश नव्हे, एक सोळांश! उष्णता अ‍ॅम्पिअरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते-घटते, म्हणून. गावोगाव जाणाऱ्या मोठ्या विजेच्या तारांमध्ये हजारो व्होल्ट का ठेवतात, याचंही कारण हेच.

गॅसची जुनी नळीसुद्धा नुसती कापून सोडून चालत नाही. जाणकार माणसाकडून तिची तोंडं बंद करून घ्यावी लागतात, गळती तपासावी लागते.

वीज आणायची कुठून?

एक उपाय म्हणजे सरळ प्लग लावायचा. आरव्हींसाठी खास मुक्कामाच्या जागा असतात, तिथं प्रत्येक जागेवर विजेचा छोटा खांब असतो. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची. लहान आरव्हीचा प्लग ३० अ‍ॅम्पिअरचा, म्हणजे ३६०० वॉट. आता बेरीज करा : वातानुकूलन यंत्र १५००, इंडक्शन १८००, पाण्याचा बंब १४४०. झाले ४७४०! तिन्ही एकदम लावली की फट्! सगळीकडे अंधार. गॅस असताना हा हिशेब करावा लागत नव्हता. आता आंघोळ आधी की स्वयंपाक आधी, ते ठरवून घ्यावं लागतं.

आणि खांब सगळीकडे नसतात. यलोस्टोन हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान किती मोठं! पण त्यात विजेचा खांब असलेला मुक्काम एकच, फिशिंग ब्रिज. त्या भागात अस्वलांचा वावर असल्यामुळे तिथं कापडी तंबूला परवानगी नाही, टणक भिंतींची गाडीच लागते. बाकीच्या जागी आपली वीज आपणच आणायची.

ती येते छतावरून. २०० वॉटचं सौर पॅनेल साधारण एक चौरस मीटर जागा घेतं. छतावर झरोके, पंखा, वातानुकूलन यंत्र यांची गर्दी असते, तरी सहा पॅनेलं बसली असं धरू. उन्हाळ्यातल्या चांगल्या दिवशी त्यांतून साडेचार-पाच युनिट मिळतात. स्वयंपाकाला एक, फ्रिजला एक, आंघोळीच्या २३ लिटर पाण्याला एकाहून थोडं जास्त, दिवे-पंखे-पाण्याचा पंप यांना पाऊण. झाले चारच्या आत! टाकी नसली तरी भागलं की! अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात क्वार्ट्झसाइट नावाचं छोटंसं गाव आहे. तिथं हिवाळ्यात हजारो आरव्ही येऊन थांबतात, त्यांच्या छतांवर अशी पॅनेलं चमकताना दिसतात. वाळवंटातलं ऊन हिवाळ्यातही चांगलं असतं.

२०२२ साली एअरस्ट्रीम या जुन्या कंपनीनं तर स्वतःची मोटर आणि बॅटऱ्या असलेला डबा नमुना म्हणून दाखवला होता. तो पुढच्या गाडीला ओढायला मदत करतो.

गणित अडतं ते थंडीपाशी. भट्टी तासाला सात युनिटांहून जास्त उष्णता ओकते. कडाक्याच्या रात्री ती पाच तास पेटली तर पस्तीस-छत्तीस युनिट झाले! साडेचार युनिट देणारं छत इथं काय पुरणार? त्यातून हिवाळ्यात दिवस लहान, ऊन तिरपं, पॅनेलांवर बर्फ. बाहेरची उष्णता आत ओढणारं यंत्र असतं, ते निम्म्याहून कमी विजेत काम करतं. पण छतावर बसवायची अशी यंत्रं चार-पाच अंशांखाली गेलं की हात टेकतात. आणि गंमत पाहा, लिथियम बॅटरी शून्याखाली गार असताना भारित करता येत नाही, ती खराब होते. म्हणजे ऊब मिळवण्यासाठी जी वीज साठवायची, ती साठवायलाही आधी ऊब हवी! म्हणून बॅटऱ्या घराच्या आत ठेवतात. आणि ‘आमच्या गाडीत गॅस नाही’ असं अभिमानानं सांगणाऱ्या कितीतरी गाड्यांत खाली डिझेलवर चालणारी छोटी भट्टी असते. कुणी तसं विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत, एवढंच.

चौथीच्या माझ्या वर्गाला मी हे गणित घातलं होतं. बॅटरीत पाच युनिट आहेत, दोन दिवस पाऊस आहे, सूर्य दिसत नाही, रोजचा खर्च चार युनिट. काय कराल? एकानं आंघोळ लगेच रद्द केली. एका मुलीनं सांगितलं, एकदाच स्वयंपाक करू, रात्री भाकरी-चटणी खाऊ. फ्रिज बंद करायला मात्र कुणी तयार होईना, कारण त्यात आइस्क्रीम आहे असं सगळ्यांनी आपसांत ठरवूनच टाकलं होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक जण उठला आणि म्हणाला, “बाई, सोप्पं आहे. गाडी चालू करायची!”

उत्तर बरोबर होतं. इंजिनाला जोडलेल्या यंत्रातून बॅटरी भरता येते. बरेच आरव्हीवाले तेच करतात. तासाभराच्या प्रवासात साधारण अर्धा युनिट मिळतो. मी त्याला शाबासकी देणार, तोच पुढच्या बाकावरून आवाज आला, “पण बाई, मग पेट्रोल जळलं ना!”

मग वर्गात जे भांडण जुंपलं, ते मधल्या सुट्टीची घंटा होईपर्यंत मिटलं नाही.